कपाटातली तबकडी



गेल्या महिन्यात लोहा तालुक्यातल्या एका गावाहून एक सूनबाई आमच्याकडे आल्या होत्या. पिशवीत रुमालात गुंडाळलेल्या दोन सीड्या. म्हणाल्या, "भाऊ, यातल्या एकीत आमच्या मामांची गवळण आहे. मामा जाऊन चार वर्षे झाली. घरचा सीडी प्लेअर बंद पडला अन् दुरुस्त करणाराही मिळंना. हे मोबाइलमध्ये घेता येतं का?"

येते, आणि त्यासाठी लागणारी संगणकाची कामपुस्ती, म्हणजे सॉफ्टवेअर, फुकट मिळते. नांदेड-लातूरकडच्या कितीतरी घरांत अशा सीड्या कपाटात पडून आहेत, म्हणून आज हाच विषय घेतला.

पहिली सीडी माळेगावच्या यात्रेत घेतलेली, खंडोबाच्या गाण्यांची. तिच्यावर 'एमपी३' असे छापलेले होते. अशी सीडी संगणकात घातली की गाणी तयार फायलींच्या रूपात दिसतात. त्या उचलून पेन ड्राइव्हवर ठेवायच्या. पाच मिनिटांत काम झाले.

दुसरी तशी नव्हती. २००७ च्या हरिनाम सप्ताहात गावच्या भजनी मंडळाचे गाणे एका फोटो स्टुडिओवाल्याने टिपले आणि सीडीवर उतरवून दिले. ही संगणकात घातली तर 'ट्रॅक १', 'ट्रॅक २' अशा नऊ चिमुकल्या फायली दिसल्या. इथेच लोक फसतात. त्या फायली म्हणजे नुसत्या पाट्या; धान्याच्या पोत्यावरची चिठ्ठी घरी आणली म्हणून धान्य येत नाही. पुष्कळांनी या पाट्या पेन ड्राइव्हवर घेतल्या, काम झाले समजून सीडी पोरांना खेळायला दिली, आणि नंतर पाहतात तर पेन ड्राइव्हमध्ये आवाजच नाही. तेव्हा आधी ऐकून खात्री करा, मगच पुढचे.

खरे गाणे बाहेर काढायला वेगळी कामपुस्ती लागते. आम्ही 'फ्रीॲक' वापरली. रॉबर्ट काउश नावाच्या जर्मन गृहस्थाने ती लिहिली आणि सर्वांना मोफत दिली. नाव टाइप करताना इंग्रजी एफ, आर, ई, मग विसर्गासारखी दोन टिंबे, मग ए, सी असे लिहावे. करणाऱ्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच ती घ्या. इतरत्र 'डाउनलोड'ची मोठमोठी हिरवी बटणे असतात आणि त्यातून भलतेच काही संगणकात शिरते. कोणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा.

नव्या लॅपटॉपला सीडीचा खण नसतो. यूएसबीला जोडायचा बाहेरचा खण विकत मिळतो. पण एकदोन सीड्यांसाठी तो कशाला घ्यायचा? तालुक्याच्या गावी जुन्या फोटो स्टुडिओवाल्याकडे किंवा संगणक क्लासमध्ये जुना संगणक हमखास असतो.

कामपुस्ती विचारते, गाणे कोणत्या प्रकारात ठेवू? एक तासाच्या सीडीतला आवाज जसाच्या तसा ठेवला तर सव्वासहाशे एमबीच्या वर जागा लागते. 'फ्लॅक' या प्रकारात साधारण निम्मी लागते. ही रुईच्या गाठीसारखी गोष्ट: दाबून लहान केली, पण कापूस तेवढाच. एमपी३ मात्र लातूरच्या डाळमिलसारखे. ऐंशी-नव्वद एमबीत तास बसतो, कानाला फरकही फारसा कळत नाही, पण डाळीची पुन्हा तूर होत नाही. म्हणून घरची, एकुलती एक सीडी असेल तर फ्लॅक आधी करा. त्यातून मोबाइलसाठी एमपी३ केव्हाही काढता येते.

आता घाई कशासाठी ते सांगतो. कंपनीची छापील सीडी पुष्कळ वर्षे टिकते. घरी किंवा स्टुडिओत उतरवलेल्या सीडीत रंगाचा पातळ थर असतो आणि आवाज त्यावर कोरलेला असतो. ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो थर फिका पडतो. आपल्याकडचा मे महिना आणि पत्र्याचे घर डोळ्यांसमोर आणा. आणखी एक, चकचकीत बाजू आपण जपतो, पण नाजूक असते ती वरची, नाव लिहिलेली बाजू. बॉलपेनने तिच्यावर जोर देऊन लिहिले तर खालचे गाणे जाते. या सीडीवर नेमके तेच झाले होते.

नऊपैकी सात ट्रॅक सरळ निघाले. आठवा खरखरू लागला. मऊ सुती कापडाने सीडी मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसली, गोल फिरवून नव्हे, आणि 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' ही दुसरी मोफत कामपुस्ती लावली. ती प्रत्येक तुकडा पुन्हा पुन्हा वाचून पडताळते आणि कुठे वाचता आले नाही ते स्पष्ट सांगते. एका ट्रॅकला पाऊण तास लागला, पण निघाला. नववा नाही निघाला.

मामांची गवळण सहावी होती. ती लागली तेव्हा सूनबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला, जणू मामाच समोर बसले आहेत. मग म्हणाल्या, "मागून जो आवाज देतोय, तो कोणाचा?" आम्हाला काय ठाऊक! अशा सीडीत गाण्यांची नावे नसतात, गाणाऱ्यांची तर नाहीतच. त्यांनी तिथूनच सासूबाईंना फोन लावून ऐकवले. सासूबाईंनी पखवाजवाला, टाळकरी, मागचा आवाज अशी सगळी नावे धडाधड सांगितली, आणि त्यातले चार जण आता नाहीत हेही. ती नावे आम्ही फायलीला जोडली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या, तेव्हा ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गावही लिहून ठेवले. म्हणून आज त्या बाया नावाने ओळखल्या जातात. तुमच्या घरी हे सांगणारे म्हातारे माणूस असेल तर सीडी आधी त्याला ऐकवा, वही घेऊन बसा.

प्रती तीन करा: एक संगणकात, एक पेन ड्राइव्हवर, एक दुसऱ्या गावी, लेकीकडे किंवा भावाकडे. विकत घेतलेल्या सीडीची प्रत स्वतः ऐकण्यासाठी काढायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वाव आहे. ती विकायला किंवा इंटरनेटवर टाकायला नाही.

नवव्या ट्रॅकमध्ये सप्ताहाची भैरवी होती. मंडळातल्या कंधारच्या एका टाळकऱ्याने त्याच वेळी सीडीची एक प्रत नेली होती, असे सासूबाईंना आठवले. सूनबाईंनी त्यांना फोन केला. लोखंडी पेटीत असेल, पेरणी उरकली की शोधतो, म्हणाले. सीडीवर काही लिहिलेले असू नये एवढीच आमची इच्छा.