किरणच्या धावा आणि नागालँड



क्रिकेटपटू किरण नवगिरेने ‘नागालँडसारख्या दुबळ्या संघाकडून धावा लुटल्या’ असा सूर गेल्या आठवड्यातील पत्रात दिसला. 2022 साली तिने नागालँडकडून अरुणाचलविरुद्ध 76 चेंडूंत 162 धावा केल्या. गोलंदाजी कच्ची होती, मान्य. पण त्याच वर्षी मे महिन्यात पुण्याजवळच्या गहुंजेला व्हेलोसिटी संघाकडून 34 चेंडूंत 69 काढल्या, तेव्हा समोर पूनम यादव, राजेश्वरी गायकवाड या भारताच्या गोलंदाज होत्या. त्या काय लिंबूटिंबू?

सप्टेंबरमध्ये इंग्लंडमध्ये तिने भारताची टोपी घातली. तिथे बॅट चालली नाही, हे खरंच. पण मोजके सामने देऊन माणूस मोडीत काढायचा का? आपल्या मिरे गावची पोर, आधी भाला फेकणारी, क्रिकेटमध्ये उशिरा आलेली. 2023च्या महिला प्रीमियर लीगमध्ये (डब्ल्यूपीएल) बॅटवर प्रायोजकाचं स्टिकरसुद्धा नव्हतं. पेनाने ‘एमएसडी 07’ (धोनीची आद्याक्षरं आणि क्रमांक) लिहून आली आणि 53 करून गेली.

शिवाय 2025 मध्ये महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध 34 चेंडूंत शतक ठोकलं. पत्रलेखकाने पंजाबलाही दुबळ्यांत धरलं असेल, तर बोलणंच खुंटलं.

– एक वाचक, सोलापूर