पोलिओची फळी क्षयाविरुद्ध का नाही?



उत्तर प्रदेशातून पोलिओ हटणार नाही, असे एके काळी भले भले बोलत. २००२ साली देशात पोलिओचे सुमारे १,६०० रुग्ण सापडले, त्यातले १,२०० हून अधिक एकट्या या राज्यात. त्याच राज्यात शेवटचा रुग्ण एप्रिल २०१० मध्ये नोंदला गेला, देशातला शेवटचा १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र दिले. नुसत्या लखनौच्या परिपत्रकांनी हे घडले नाही.

लस फुकट होती, दारात येत होती, तरी पश्चिम उत्तर प्रदेशात दारे बंद होत. डोस पाजला तर पुढे मुले होणार नाहीत, ही अफवा होतीच. पण अफवेच्या मागे तक्रार होती. गटार तुंबलेले, दवाखान्यात औषध नाही, आणि सरकार मात्र दोन थेंब घेऊन पुन:पुन्हा येते, म्हणजे काहीतरी काळेबेरे असणार! याला अडाणीपणा म्हणू नका. न मागता प्रशासनाने काही दिले की युनियन ऑफिसात आपणही हेच बोलतो.

मग २००१ पासून फळी बांधली गेली. युनिसेफ, स्वयंसेवी संस्था, रोटरी, मशिदींचे इमाम, अलीगढ व जामियासारखी विद्यापीठे, आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे त्याच मोहल्ल्यातली बाई, जी घरोघरची पोरे नावानिशी ओळखते. शाळकरी मुले ‘बुलावा टोली’ काढून लहानग्यांना बूथवर आणीत. स्टेशनांवर व चालत्या गाड्यांतही डोस पाजले गेले, हे आपल्या रेल्वेवाल्यांना सांगायला नको. २००९ मध्ये उत्तर प्रदेश व बिहारच्या १०७ ब्लॉकांत डोसाबरोबर हगवण, स्वच्छता, स्तनपान हे विषयही हाती घेतले. म्हणजे लोकांचे गाऱ्हाणे शेवटी ऐकले गेले. आमच्या मते दारे उघडण्यात याचा वाटा भाषणांपेक्षा मोठा आहे.

या फळीत एक खोट मात्र होती व आहे. उन्हात चालणारी बाई मानधनावर. आशा भगिनींचेही तेच. २००५ पासून राबतात, पण कागदोपत्री ‘स्वयंसेविका’, कामगार नाहीत. मोहिमेचा निधी आटला की अशी माणसे घरी बसतात आणि वस्तीची ओळख त्यांच्याबरोबर जाते. आरोग्याची आघाडी टिकवायची तर त्यांचा पगार हा आपल्या मागणीपत्रातला मुद्दा झाला पाहिजे.

आता क्षयाकडे या. २०२५ पर्यंत तो संपवण्याची घोषणा झाली होती. जगातल्या दर चार नव्या रुग्णांतला एक आजही भारतातला आहे. औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे, नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिना १,००० रुपये मिळतात. तरीही माणूस खोकला लपवतो, कारण काम जाईल ही भीती. कंत्राटी सफाईवाल्याला तर रेल्वे हॉस्पिटलही नाही. ही भीती डॉक्टर घालवू शकत नाही, युनियन घालवू शकते.

लखनौत उत्तर व पूर्वोत्तर रेल्वेची दोन डिव्हिजन आहेत, आलमबागला वर्कशॉप आहेत. प्रत्येक शाखेने एक माणूस नेमावा. दोन आठवड्यांहून जास्त खोकणाऱ्याला, तो पर्मनंट असो वा कंत्राटी, त्याने स्वत: थुंकी तपासणीला न्यावे आणि उपचाराचे निदान सहा महिने त्याची पाठ सोडू नये. पोस्टमन बंधूंकडे तर घरन् घर आहे. ज्या रुग्णाचे खाते नाही त्याचे पोस्ट पेमेंट्स बँकेत खाते दारातच उघडता येते. नागपूर, भुसावळ, सोलापूरच्या शाखांनीही हे करावे. उपचार चालू असलेल्या कंत्राटी कामगाराला कामावरून काढणार नाही, असे ठेकेदाराकडून लेखी घ्यावे. तो देत नसेल तर प्रश्न पुढच्या पीएनएम बैठकीच्या अजेंड्यावर घालावा.