बातमी कुणाच्या हातची?

गिरणीतल्या बंधूंनो, आपल्या सातारा-सांगलीच्या मुलखात १९४३ ते १९४६ प्रतिसरकार चाललं. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या माणसांनी गावोगाव न्यायनिवाडे केले, बिनखर्चाची गांधी-लग्नं लावली. पण चळवळीच्या बातमीवर गोऱ्या सरकारचा पहारा! अफवेला मात्र परवाना लागत नव्हता. मग बाहेर पसरलं काय? तर 'पत्री सरकार', पायाला पत्रे ठोकणारे! न्यायनिवाडे राहिले गावातच.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ही चूक आचार्य अत्र्यांनी होऊ दिली नाही. १५ नोव्हेंबर १९५६ ला 'मराठा' काढला.

तेव्हा पेपरात काय गाळलंय तेही बघा. संपाच्या बातमीत मालकाचं बुडालेलं कापड वारावारी मोजलेलं असतं. बदलीवाल्याची चूल किती दिवस थंड होती, ते कुठल्या पानावर येतं?