'कोणाला सांगू नका' म्हणणारा साहेब

बडोद्यातील आपल्या जुन्या मराठी घरांचा एक गुण आज चोरांच्या कामी येत आहे, असे आम्हांस स्पष्ट म्हणावेसे वाटते. तो गुण म्हणजे सरकारी कागदाविषयीचा आदर. आजे-पणजे गायकवाडी कचेऱ्यांत नोकरीस होते. हुकूम आला की पाळायचा, उलट विचारायचे नाही, हे वळण घरात उतरले. आता व्हिडिओ कॉलवर खाकी गणवेशातला माणूस दिसतो, 'तुमच्या आधार क्रमांकावर मुंबईत गुन्हा नोंदला आहे' म्हणतो, आणि सत्तरी ओलांडलेले आपले काका दाराला आतून कडी लावून तासन् तास फोनसमोर बसतात. मुले पुण्यात, नाहीतर अमेरिकेत. घरात दोनच माणसे.

याला 'डिजिटल अटक' असे भारदस्त नाव आहे. अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये तेच सांगितले होते. तरी २०२५ मध्ये गांधीनगरच्या एका ज्येष्ठ महिला डॉक्टरांचे १९ कोटींहून अधिक रुपये सुमारे तीन महिन्यांत गेले. शिकलेला माणूस फसत नाही, हा भ्रम आता कोणी बाळगू नये.

आमच्या मते ओळखण्याची खूण एकच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार खऱ्या पोलिसाला अटकेची खबर नातेवाइकास द्यावीच लागते. खोटा पोलीस नेमके उलटे बजावतो: घरात बोलू नका, बँकेत विचारले तर काहीतरी कारण सांगा.

पैसे गेल्यावर अब्रूपायी आपण पुन्हा गप्पच बसतो. सून काय म्हणेल, शेजारी काय म्हणतील, या विचारात दोन दिवस जातात. तेवढ्यात रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरत पसार होते. १९३० या क्रमांकावर लगेच, तासाभरात कळवले तर ती वाटेत गोठवली जाण्याची आशा असते. ही खातीही बहुधा भाड्याची. कमिशनच्या लोभाने आपले खाते दुसऱ्यास वापरू देणारी मुले आपल्या समाजात नाहीतच, असे छातीठोकपणे सांगायला आम्ही तयार नाही.

लिंकांचेही तसेच. 'वीजबिल थकले, आज रात्री जोडणी तोडू', 'वाहनाचा दंड भरा', आणि हल्ली तर चक्क लग्नपत्रिका. व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलच्या नावाशेवटी 'एपीके' असेल तर ती पत्रिका नव्हे, ॲप आहे. ते फोनमध्ये बसले आणि त्याला परवानग्या मिळाल्या की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी तेच वाचते. (खरी पत्रिका घेऊन आपल्याकडे अजून माणूस घरी येतो, अक्षता ठेवतो, चहा घेतो.)

पण सगळा भार म्हाताऱ्यांच्या सावधपणावर टाकणे आम्हांस मान्य नाही. ग्राहकाचा दोष नसताना तिऱ्हाइताने परस्पर काढलेले पैसे तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास त्याचा भुर्दंड ग्राहकावर नाही, असे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरवले. धाकापोटी स्वतःच्या हाताने पाठवलेल्या पैशांना मात्र त्याचा आधार मिळाला नाही. १ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल अटकेचा तपास सीबीआयकडे सोपवला आणि अशी भाड्याची खाती हुडकून गोठवण्यासाठी नवे तंत्रज्ञान का वापरले जात नाही, असे रिझर्व्ह बँकेस विचारले. बरे झाले.

आमचे मागणे साधे आहे. सत्तरीपुढील खातेदार मुदतठेव मोडून मोठी रक्कम अनोळखी खात्यात पाठवत असेल, तर बँकेने ती एक दिवस थांबवावी आणि त्याने आधीच नेमलेल्या नातेवाइकास फोन करावा. सयाजीराव महाराजांनी १९०८ मध्ये ज्या शहरात बँक काढली, तिथून ही मागणी जावी हे योग्यच. निवडणूक आली की दांडियाबाजार-रावपुऱ्यात मते मागायला येणाऱ्या सर्वपक्षीय उमेदवारांकडून यावर लेखी उत्तर घ्यावे. तोंडी आश्वासने आपल्याकडे पुष्कळ साठली आहेत.