समजून घ्या : आशियाई सुवर्ण जिंकूनही बुलढाण्याच्या प्रथमेशसाठी ऑलिम्पिकची वाट अवघड का?

संग्रामपूर : लॉस एंजेलिसच्या २०२८ ऑलिम्पिकमध्ये कंपाउंड तिरंदाजी पहिल्यांदाच खेळवली जाणार आहे. बुलढाण्याचा प्रथमेश जवकार याच प्रकारात खेळतो. मात्र उघडलेलं हे दार फारच अरुंद आहे.

प्रथमेशने आतापर्यंत काय केलं?

• मे २०२३, शांघाय : वयाच्या १९व्या वर्षी वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये जगातील अव्वल खेळाडू, नेदरलँड्सच्या माईक श्लोसरवर १४९-१४८ अशी मात.

• सप्टेंबर २०२३, हर्मोसिलो (मेक्सिको) : सेमीफायनलमध्ये १५० पैकी १५० गुण घेत श्लोसरला पुन्हा हरवलं. सुवर्ण मात्र शूट-ऑफमध्ये हुकलं, रौप्यपदक मिळालं.

• ऑक्टोबर २०२३, हांगझो : अभिषेक वर्मा आणि नागपूरच्या ओजस देवतळेसोबत आशियाई स्पर्धेचं सांघिक सुवर्ण. फायनलमध्ये दक्षिण कोरियाचा २३५-२३० असा पराभव.

१४९ गुण म्हणजे नेमकं काय?

लक्ष्य ५० मीटरवर असतं. एका लढतीत १५ बाण आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त १० गुण. दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम ८ सेंटीमीटरचं. म्हणजे १५ पैकी १४ बाण त्यात आणि फक्त एक किंचित बाहेर!

मग अडचण कुठे?

ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची केवळ मिश्र सांघिक स्पर्धा होईल, वैयक्तिक नाही. एका देशाच्या जोडीत एक पुरुष, एक महिला. म्हणजे भारतातल्या सगळ्या पुरुष तिरंदाजांसाठी जागा एकच. त्यात २०२३चा वैयक्तिक विश्वविजेता ओजसही स्पर्धक आहे.

भारतातली चुरस किती, हे सप्टेंबर २०२५मध्ये दिसलं. ग्वांगजू इथे भारताने सांघिक विश्वविजेतेपद जिंकलं, पण हांगझोच्या सुवर्ण संघातला एकही खेळाडू त्या संघात नव्हता. तिथे खेळलेला प्रथमेश फुगे वेगळा, हेही लक्षात ठेवा.

संग्रामपूरच्या मुलांनी काय घ्यावं?

सातपुड्याच्या पायथ्याच्या या तालुक्यासाठी प्रथमेश हा आपल्याच जिल्ह्याचा पुरावा आहे : जगज्जेत्याला हरवणारा खेळाडू इथूनही घडतो. पण स्पर्धेच्या दर्जाचं कंपाउंड धनुष्य, बाण आणि इतर साहित्याचा खर्च लाखांत जातो. सरावाला ५० मीटरचं सुरक्षित मैदान आणि जाणकार प्रशिक्षक लागतो. तालुक्याच्या ठिकाणी एवढं मिळालं, तर पुढचा प्रथमेश शोधायला लांब जावं लागणार नाही.