बेथेस्दाचे तळे आणि आमची रांग



संत योहानाच्या शुभवर्तमानातील बेथेस्दाच्या तळ्याची हकिकत आपणां सर्वांस ठाऊक आहे. तळ्याभोवतीच्या पाच पडव्यांत आंधळे, पांगळे, लुळे असे कितीतरी रोगी पडून असत. पाणी हालले की जो प्रथम आत उतरेल तो बरा होईल, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांच्यात ३८ वर्षांचा एक जुना दुखणाईत होता. पाणी हालावे, ह्याने सरपटत निघावे, आणि तेवढ्यात दुसऱ्या कोणीतरी उडी घ्यावी, असे चालले होते. त्याला हात देणारे कोणीच नव्हते. प्रभू येशू नेमका त्याच्याच जवळ गेला.

या हकिकतीत आम्ही आजवर केवळ चमत्कार पाहिला होता. गेल्या पावसाळ्यात एका दवाखान्याच्या बाकावर बसलो असताना तिची दुसरी बाजू दिसली. बेथेस्दाला पाणी होते. नव्हती ती रांग. जो धडधाकट, ज्याला सोबती, त्याचाच तेथे पहिला नंबर. ज्याचे दुखणे मोठे, तो सर्वांच्या मागे.

तो आठवडे बाजाराचा दिवस होता. शेजारच्या एका वृद्ध आजींना चक्कर येत होती म्हणून त्यांना घेऊन आम्ही सकाळी आठ वाजता पोहोचलो. ओसरीवर माणसांची दाटी होती. कोण कोणाच्या आधी आले याची कोठे नोंद नव्हती. भिंतीशी एक तरुण आई तान्हे मूल पदराखाली घेऊन गप्प बसली होती. दहाच्या सुमारास कंपाउंडरने आम्हांस ओळखले आणि बाजूच्या दाराने आत बोलावले. आजींचे वय पाहता आम्हांस त्यात काही वावगे वाटले नाही. औषध घेऊन बाहेर येतो तो एक परिचारिका त्या बाळाला उचलून धावत आत जाताना दिसली. पाणी पिण्यासाठी म्हणून ती ओसरीवर आली होती. तिने पाहिले की श्वासागणिक बाळाच्या बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात आहे. तान्ह्या मुलाच्या छातीचा विकार बळावल्याची ही खूण. बाळाला प्राणवायू लावून शहरात पाठविण्यात आले आणि देवकृपेने ते वाचले.

परंतु ते बाळ आमच्या आधी येऊन बसले होते, आणि आम्ही त्याच्या पुढून आत गेलो होतो. परिचारिकेला तहान लागली नसती तर काय झाले असते, हा प्रश्न आजही आमचा पाठलाग करतो.

त्या डॉक्टरांना आम्ही दोष देत नाही. ते मन लावून रोगी तपासत होते. दुष्टपणा तेथे कोणाचाच नव्हता; व्यवस्थाही कोणाची नव्हती. आणि व्यवस्था नसली म्हणजे दयाळू माणसांच्या हातूनही निर्दय गोष्टी घडतात, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे. दवाखान्याची घडी बसविणे हे दुकानदारीचे काम नव्हे. ते शेजारधर्माचेच एक अंग आहे.

रांगेचीच गोष्ट प्रथम घ्या. नेपोलियनच्या सैन्यात दोमिनिक लारे नावाचे एक शल्यवैद्य होते. त्या काळी जखमी सरदाराकडे आधी पाहावे आणि साध्या शिपायाने वाट पाहावी, अशी रीत असे. लारे यांनी ती मोडली. हुद्दा पाहावयाचा नाही, जखम पाहावयाची. ज्याची जखम घोर त्याला आधी उचलावयाचे, असा नियम त्यांनी घालून दिला. जखमींना रणांगणावरून त्वरित हलविण्यासाठी हलक्या गाड्याही त्यांनीच सुरू केल्या. आज मोठ्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात रोग्यांना लाल, पिवळा व हिरवा असे रंग देतात, त्या पद्धतीचे मूळ येथे आहे. लहान दवाखान्याला रंगांचीही गरज नाही. दाराशी नंबरचे बिल्ले देणारे एक माणूस असावे, आणि बिल्ला देताना त्याने प्रत्येकाकडे क्षणभर नीट पाहावे. धाप, छातीत कळ, झटके, शुद्ध हरपणे, न थांबणारा रक्तस्राव, गरोदर बाईचे एकाएकी वाढलेले दुखणे, दूध न पिणारे तान्हे मूल : यांपैकी काही दिसले की नंबर बाजूला ठेवून रोग्यास थेट आत न्यावे. बाकीच्यांनी आपापल्या पाळीने जावे. अशाने रांगही राहते आणि दयाही राहते.

आता कागदांविषयी. आमच्या आजी डॉक्टरांपुढे बसल्या तेव्हा त्यांनी जुने कागद मागितले. एक कागद पावसात भिजून गेला होता, दुसरा लेकीच्या घरी होता. आजींच्या बटव्यातील गोळ्यांची पाकिटे उलटसुलट करून पाहता चकरेचे कारण सापडले. दोन ठिकाणच्या डॉक्टरांनी रक्तदाबाचे एकच औषध निरनिराळ्या कंपन्यांच्या नावांनी दिले होते, आणि आजी दोन्ही निष्ठेने घेत होत्या! दोघाही डॉक्टरांचे निदान बरोबर होते. चूक होती ती एकाचे लिहिलेले दुसऱ्याला न दिसण्यात.

या चुकीवरील उपायाचा इतिहास आपणां कॅथलिकांस अभिमान वाटावा असा आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर नावाचे एक लहानसे गाव होते. २१ ऑगस्ट १८८३ रोजी तेथे भयंकर चक्रीवादळ झाले. गावात रुग्णालय नव्हते. संत फ्रान्सिसच्या संघातील धर्मभगिनी वास्तविक शाळेत शिकविणाऱ्या. परंतु त्याही जखमींच्या शुश्रूषेला लागल्या. पुढे त्यांच्या प्रमुख मदर आल्फ्रेड यांनी डॉ. विल्यम मेयो यांस सांगितले की, आम्ही रुग्णालय बांधतो, तुम्ही ते चालवा. एवढ्याशा गावाला रुग्णालय पेलणार नाही, असे डॉक्टरांचे मत होते. मदर हटल्या नाहीत. काटकसरीने पैसा जमवून १८८९ साली त्यांनी २७ खाटांचे संत मेरी रुग्णालय उघडले. डॉ. मेयो व त्यांचे दोघे पुत्र यांच्या ज्या दवाखान्याची कीर्ती पुढे जगभर झाली, त्याची भरभराट या रुग्णालयाच्या आधाराने झाली.

रोगी वाढले, डॉक्टर वाढले, तसा नोंदींचा घोटाळाही वाढला. प्रत्येक डॉक्टरची वही वेगळी. एकाच रोग्याची हकिकत चार वह्यांत विखुरलेली. तेव्हा १९०७ साली डॉ. हेन्री प्लमर यांनी एक साधी युक्ती काढली. प्रत्येक रोग्यास एक क्रमांक आणि त्या क्रमांकाचे एकच पाकीट. कोणीही तपासो, कधीही तपासो, सारे टिपण त्याच पाकिटात पडावयाचे आणि रोगी जाईल तेथे ते पाकीट जावयाचे. डॉक्टरांची वही मागे पडून रोग्याची वही निर्माण झाली. आज जगभर रुग्णालयांत हीच पद्धत रूढ आहे. आपल्या देशातही २०२१ पासून ‘आभा’ नावाचा १४ अंकी क्रमांक देशभर दिला जात आहे. त्यामागील कल्पना हीच, की मनुष्य कोठेही गेला तरी त्याच्या प्रकृतीची हकिकत त्याच्याबरोबर जावी.

तिसरी गोष्ट उजळणीची. शाळकरी मुलाने पाढे म्हणावेत तशी जाणत्या शल्यवैद्यानेही शस्त्रक्रियेपूर्वी यादी वाचावी, असे कोणी म्हटले तर हसू येईल. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली नेमकी तशी १९ कलमांची यादी तयार केली. भूल देण्यापूर्वी, सुरी लावण्यापूर्वी आणि रोग्यास बाहेर नेण्यापूर्वी, अशी तीनदा ती मोठ्याने वाचावयाची. रोगी तोच आहे ना? बाजू तीच ना? त्याला कोणते औषध सोसत नाही? कापसाचे बोळे आणि हत्यारे मोजून पुरी भरली ना? दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत हिचा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण दर हजारी १५ वरून ८ वर आले होते. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. एक कागद आणि तो वाचण्याची नम्रता! मिस्सेपूर्वी वेदीची तयारी करताना आपला सेवेकरी प्रत्येक वस्तू पुनः पाहतो. त्याला विसरभोळा म्हणून कोणी हिणवीत नाही.

यावर कोणी म्हणेल, अशाने दवाखान्याचा कारखाना होईल; डॉक्टर रोग्याच्या तोंडाकडे न पाहता कागदाकडे पाहतील. ही भीती खोटी नाही. फॉर्म भरण्यात गढून गेलेले आणि मान वर न करणारे लोक आम्हीही पाहिले आहेत. शब्बाथ माणसासाठी असतो, माणूस शब्बाथासाठी नव्हे. हाच न्याय नोंदवहीलाही लागू आहे. तथापि चांगली व्यवस्था डॉक्टरांचा वेळ खात नाही, ती तो मोकळा करते. मदुराईचे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर १९७६ साली ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. संधिवाताने त्यांच्या हातांची बोटे वाकडी झाली होती. तेथे शल्यवैद्यासमोर दोन टेबले असतात. एकावर शस्त्रक्रिया चालू असता दुसऱ्यावर परिचारिका पुढचा रोगी सिद्ध ठेवतात. डॉक्टरांचा एक क्षण फुकट जात नाही. म्हणून खर्च उतरतो, आणि पैसे देणाऱ्यांच्या जोरावर गरिबांचे मोतीबिंदू विनामूल्य निघतात. ज्यांना दिसू लागले त्यांना विचारा, ही व्यवस्था कोरडी की ओली!

आमच्या धर्मग्रामांतून धर्मभगिनींचे लहान दवाखाने आहेत. तेथील सेवेबद्दल बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु एकदोन सूचना नम्रपणे कराव्याशा वाटतात. ज्या औषधाची मुदत आधी संपते ते कपाटात पुढे असावे आणि आधी वापरले जावे. लशींच्या शीतपेटीतील उष्णता २ ते ८ अंशांत आहे की नाही, हे दररोज सकाळसंध्याकाळ पाहून लिहावे. आणि एक वही ‘न आलेल्यांची’ असावी. क्षयाच्या साध्या रोग्याला सहा महिने औषध घ्यावे लागते. दोन महिन्यांत खोकला थांबतो आणि मनुष्य येईनासा होतो. तो आला नाही हे त्याच आठवड्यात कळले, तर कोणीतरी त्याच्या घरी जाऊ शकते. सायकलवरून निरोप नेण्याचे काम आपल्या तरुण मंडळास सहज करता येईल.

कुटुंबांचेही कर्तव्य आहेच. प्रत्येक घरात आजारपणाच्या कागदांची एक पिशवी असावी आणि ती पावसापासून जपावी. घरच्या प्रत्येक माणसाचा एक कागद त्यात असावा. त्यावर चालू औषधे आणि न सोसणारी औषधे ठळक अक्षरांत लिहावीत. डॉक्टरांकडे जाताना सर्व गोळ्या त्यांच्या पाकिटांसह न्याव्यात; ‘ती पांढरी, वाटोळी’ म्हणून सांगू नये. आणि सर्वांत अवघड गोष्ट : बाजूच्या दाराने जाऊ नये. वशिल्याने आपण आत जातो तेव्हा कोणाची तरी पाळी आपण चोरलेली असते. पापनिवेदनाच्या वेळी इतर चोऱ्या आपणांस आठवतात. ही आठवत नाही. आम्हांसही त्या दिवसापर्यंत आठवली नव्हती.

शेवटी त्या दयाळू शमरोनी माणसाचे स्मरण करू या. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला एवढेच आपण लक्षात ठेवतो. पण पुढचे पाहा. त्याने जखमी माणसाला आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेले, रात्रभर सांभाळले, सकाळी मालकाच्या हाती दोन दिनार मोजले, काय करावयाचे ते सांगितले, आणि जास्त खर्च झाल्यास परत येताना फेडण्याचे वचन दिले. वाहन, निवारा, पैसा, सूचना आणि पुन्हा येऊन चौकशी! त्याचे अंतःकरण कळवळले, आणि त्या कळवळ्याने नीट हिशेब ठेवला.

येत्या रविवारी मिस्सा आटोपून घरी गेल्यावर अर्धा तास काढा आणि ती पिशवी तेवढी शिवून, कागद लावून ठेवा. आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी ओसरीवर बसाल तेव्हा भिंतीशी कोण गप्प बसले आहे, ते एकवार पाहा.