विश्लेषण : धोका दिसला की माणूस आलेल्याच दाराने का पळतो?

४ डिसेंबर २०२४, सकाळी ७ वाजून २७ मिनिटं. तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला. धक्के गडचिरोली आणि चंद्रपुरातही जाणवले आणि अनेक जण घराबाहेर धावले. यातून एक प्रश्न पुढे येतो : अशा क्षणी माणूस बाहेर पडायची वाट कशी निवडतो?

फक्त घबराट?

नाही. १९७३ मध्ये आइल ऑफ मॅन बेटावर समरलँड या करमणूक केंद्राला आग लागून ५० जण गेले. त्या आगीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जोनाथन साइम यांचा निष्कर्ष असा, की माणूस ओळखीच्या वाटेकडे आणि आपल्या माणसांकडे ओढला जातो. पोरं दुसरीकडे असतील तर आईबाप आधी त्यांना शोधतात.

२००३ मध्ये अमेरिकेतल्या 'द स्टेशन' नाइटक्लबला आग लागली. बाहेर पडायला चार दारं होती, पण बहुतेक जण आत आलेल्या पुढच्या दाराकडेच धावले. तिथे चेंगराचेंगरी झाली. एकूण १०० बळी गेले.

मुंबईत डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिल आवारातल्या आगीत १४ जण दगावले. त्यातले अनेक जण स्वच्छतागृहात सापडले. बंद खोली सुरक्षित वाटली, पण धुराने गुदमरून जीव गेला.

भूकंपात काय वेगळं?

आगीत लगेच बाहेर पडायचं. भूकंपात मात्र जमीन हलत असताना जिन्याकडे धावू नये. मजबूत टेबलाखाली बसून डोकं झाकावं आणि हादरे थांबल्यावर बाहेर यावं. धावताना पडणं, वरून कवेलू किंवा विटा अंगावर येणं, यात माणसं जास्त जखमी होतात. लिफ्ट दोन्ही वेळा टाळायची.

आपल्याकडे काय करता येईल?

राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार, आग रोखणारी यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र संबंधित इमारतींना दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. पण कागदावर यंत्रणा चालू असली तरी मागच्या दाराला कुलूप असेल तर उपयोग काय?

नुसती 'बाहेर' अशी पाटीही पुरत नाही. पाय ओळखीच्या वाटेलाच वळत असतील, तर दुसरी वाट आधीच ओळखीची करायला हवी. आश्रमशाळेच्या वसतिगृहातली मुलं आठवड्यातून एकदा मागच्या दाराने जेवायला गेली, तरी ती वाट अंगवळणी पडेल. बाहेर कुठे जमायचं हेही ठरलेलं असावं, म्हणजे भावंडाला शोधायला कुणी परत आत जाणार नाही.

मंगल कार्यालय, लॉज, दवाखाना, कुठेही गेलात तरी आधी एक बघा : दुसरं दार कुठे आहे आणि ते उघडतं का?